नुसतं 'आयर्लंड' लिहिलंय, गाव कुठलं?

हेडफोन लावलेत ना? आज एका मुलीचा शोध घ्यायचाय, आणि शोध घेता घेता हेही बघायचंय की दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी घर सोडून गेलेल्या माणसाचं जन्मगाव मुळात सापडतं कसं.

१ जानेवारी १८९२. न्यूयॉर्कच्या बंदरात एलिस आयलंड नावाच्या बेटावर स्थलांतरितांची तपासणी करणारं नवं केंद्र उघडलं. पुढच्या काही दशकांत लाखो लोक तिथूनच अमेरिकेत शिरले. पहिल्या दिवशी, पहिल्या नंबरावर होती ॲनी मूर. आयर्लंडच्या कॉर्क काउंटीची. 'नेव्हाडा' नावाच्या जहाजाने आलेली, सोबत दोन धाकटे भाऊ, अँथनी आणि फिलिप. आईवडील आधीच न्यूयॉर्कला पोचलेले. अधिकाऱ्यांनी तिला दहा डॉलरचं सोन्याचं नाणं दिलं. वर्तमानपत्रांनी छापलं की आज या मुलीचा पंधरावा वाढदिवस! काय सुंदर बातमी आहे बघा. फक्त त्या दिवशी तिचा वाढदिवस नव्हता आणि ती पंधराचीही नव्हती, सतरा वर्षांची होती.

हे इथेच डोक्यात ठेवा, कारण पुढे सारखं लागणार आहे. जुन्या आयरिश माणसाच्या वयावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही.

तर ही ॲनी नाणं घेऊन गर्दीत मिसळली आणि दिसेनाशी झाली. मग कितीतरी वर्षांनी टेक्ससमधलं एक कुटुंब सांगू लागलं की आमची आजी, ॲनी मूर, तीच ही. नाव तेच, वय साधारण तेच. आणि गोष्ट तर फारच छान: आयर्लंडची मुलगी पश्चिमेकडे गेली, तिथे संसार थाटला, पुढे फोर्ट वर्थजवळ स्ट्रीटकारच्या अपघातात गेली. पुस्तकांत हीच गोष्ट आली. समारंभांना याच कुटुंबाला बोलावणं जायचं. त्यांनी फसवलं असं अजिबात नाही हं. त्यांना मनापासून तसंच वाटत होतं.

मग मेगन स्मोलेन्याक नावाच्या वंशावळ संशोधक बाईंनी सरकारी कागद उघडून बघितले. टेक्ससच्या ॲनी मूरचा जन्म इलिनॉय राज्यात झाला होता. म्हणजे ती जन्मानेच अमेरिकन! एलिस आयलंडच्या रांगेत ती उभी असण्याचा प्रश्नच नव्हता.

मग खरी ॲनी कुठे गेली? २००६ मध्ये स्मोलेन्याकबाईंनी इंटरनेटवर जाहीर केलं: खऱ्या ॲनीचा पुरावा आणून देणाऱ्याला एक हजार डॉलर. काही आठवड्यांत उत्तर आलं. आता नीट ऐका, कारण आजच्या एपिसोडमधलं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. ॲनी सापडली ती 'ॲनी मूर' हे नाव शोधून नाही. ती सापडली तिच्या भावामुळे. न्यूयॉर्क शहराच्या अभिलेख विभागाच्या प्रमुखांना फिलिपचा नागरिकत्वाचा कागद मिळाला. फिलिपवरून १९३० च्या जनगणनेत त्याचं कुटुंब मिळालं, त्यात त्याची मुलगी मिळाली, आणि त्या मुलीच्या मृत्यूच्या नोंदीवरून तिचा मुलगा मिळाला. हा मुलगा जिवंत, फोनवर बोलणारा, आणि ॲनी त्याच्या आजोबांची सख्खी बहीण!

खरी ॲनी पश्चिमेला कधी गेलीच नव्हती. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडच्या दाट वस्तीत, चार गल्ल्यांच्या आतच तिचं आयुष्य गेलं. नवरा फुल्टन मासळीबाजारात कामाला. किमान अकरा बाळंतपणं, त्यातली पाच मुलं मोठी झाली. १९२४ मध्ये पन्नाशीत ती गेली, आणि क्वीन्समधल्या कॅल्व्हरी दफनभूमीत तिच्या थडग्यावर साधा दगडही नव्हता. बंदरावर तिचे पुतळे उभे, इकडे आयर्लंडला कोव्हमध्ये आणि तिकडे एलिस आयलंडवर. आणि ती स्वतः बिननावाच्या मातीत. शेवटी २००८ मध्ये तिथे आयरिश निळसर चुनखडीचा क्रॉस बसवला.

मला विचाराल तर टेक्ससची गोष्ट इतकी वर्षं टिकली ती चांगली होती म्हणून. मासळीबाजारातल्या कामगाराची बायको, गेलेली लेकरं, भाड्याच्या खोल्या, अशा गोष्टीला पोस्टर करता येत नाही.

बरं, ॲनीचं एक बरं होतं. ती कॉर्कची हे आधीच माहीत होतं, जहाजाचं नाव माहीत होतं. बहुतेकांकडे तेवढंही नसतं. १८४५ मध्ये आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला आणि पुढची काही वर्षं भीषण दुष्काळ. सुमारे दहा लाख माणसं मेली, दहा लाखांहून जास्त देश सोडून गेली. त्यांच्या अमेरिकेतल्या कागदांवर जन्मस्थळाच्या रकान्यात काय असतं? 'आयर्लंड'. बस्स. जनगणनेत आयर्लंड, मृत्यूच्या दाखल्यात आयर्लंड. १९०६ च्या आधीच्या नागरिकत्वाच्या कागदांवरही बहुतेक वेळा तेवढंच.

आणि तिकडे आयर्लंडमध्ये शोधायला गेलं तर नुसतं गाव कळूनही भागत नाही. तिथे जमिनीचा सगळ्यात लहान तुकडा म्हणजे टाउनलँड. नावात टाउन आहे, पण टाउन वगैरे काही नाही. आपल्या वाडीसारखं समजा. अशा टाउनलँड ६० हजारांहून जास्त आहेत! त्यावर सिव्हिल पॅरिश, त्यावर बॅरनी, त्यावर काउंटी. शिवाय कॅथलिक चर्चचं पॅरिश वेगळं, त्याच्या हद्दी वेगळ्या. त्यात नावंही बदललेली. ॲनी निघाली ते बंदर तेव्हा क्वीन्सटाउन होतं, आता कोव्ह आहे. किंग्ज काउंटीचं ऑफली झालं, क्वीन्स काउंटीचं लीश. जुन्या पत्रातला 'किंग्ज काउंटी' आजच्या नकाशात टाकला तर हाती काही लागत नाही.

आणि माणसांची नावं? एका पॅरिशमध्ये बारा पॅट्रिक मर्फी. ब्रिजेट ही कागदोपत्री बिडी असते, डेलिया असते, आणि पाद्रीबुवांच्या लॅटिन वहीत ब्रिजिडा. जेम्सचा जेकोबस होतो. कॉर्ककडचा डीअर्मद इंग्रजीत जेरेमाया होतो, का ते विचारू नका. आडनावातला 'ओ' कधी गळतो, कधी परत येतो. जाता जाता एक गैरसमज काढून टाकते: एलिस आयलंडवर अधिकारी लोकांची आडनावं बदलायचे, असं सिनेमात दाखवतात. तसं नव्हतं. प्रवाशांच्या याद्या जहाज निघतानाच भरलेल्या असायच्या, इथले अधिकारी त्या यादीवर टिक करायचे. नावं बदलली ती लोकांनी स्वतःच, नंतर, सोयीने.

मग वाडीचं नाव मिळवायचं कुठून? अमेरिकेतूनच. आयर्लंडच्या वेबसाइटवर उडी मारायच्या आधी माणूस जिथे मेला तिथले कागद संपवायचे. थडग्यावरचा मजकूर, चर्चमधली लग्नाची नोंद, मृत्यूची बातमी. त्याची नाही मिळाली तर भावाची, बहिणीची, लग्नातल्या साक्षीदाराची, बाळाच्या गॉडमदरची, शेजारच्या घराची. कारण ही माणसं एकेकटी गेली नाहीत. आधी एक गेला, त्याने पैसे पाठवून बहिणीला बोलावलं, तिने चुलतभावाला, त्याने शेजाऱ्याला. तुमच्या पणजोबांच्या कागदावर 'आयर्लंड' असेल, पण त्यांच्या मेहुणीच्या थडग्यावर अख्खं पॅरिश कोरलेलं असू शकतं.

यातले दोन खजिने मला फार आवडतात. पहिला, बॉस्टनचं 'पायलट' हे कॅथलिक वर्तमानपत्र. १८३१ पासून १९२१ पर्यंत त्यात हरवलेल्या माणसांच्या शोधाच्या जाहिराती यायच्या. भाऊ पाच वर्षांपूर्वी अमेरिकेत उतरला, रेल्वेच्या कामावर गेला, नंतर पत्र नाही. मग बहीण जाहिरात देणार: अमुक नावाचा, अमुक काउंटी, अमुक पॅरिश, अमुक टाउनलँडचा, शेवटचा अमक्या ठिकाणी होता. तो भाऊ तिला सापडला की नाही, हे बहुतेक वेळा आपल्याला कळत नाही. पण ज्या वाडीचं नाव सरकारने लिहून घेतलं नाही, ते त्या बहिणीने पैसे मोजून छापलं.

दुसरा खजिना म्हणजे बँक. हो, बँक! न्यूयॉर्कची एमिग्रंट सेव्हिंग्ज बँक, १८५० मध्ये आयरिश स्थलांतरितांसाठी सुरू झालेली. खातेदारांपैकी कितीतरी जणांना सही येत नव्हती. फोटो नाही, आधार नाही, ओटीपी नाही. मग पैसे काढायला आलेला माणूस तोच आहे हे ओळखणार कसं? बँकेने वह्या केल्या आणि खातं उघडतानाच विचारून ठेवलं: जन्म कुठला, आईबाप कोण, भावंडं किती आणि कुठे आहेत, कुठल्या जहाजाने आलात. म्हणजे आपल्या फोनमधले 'सिक्युरिटी क्वेश्चन्स'च की! या वह्या आता न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहेत. कारकुनाने चोराला पकडण्यासाठी लिहिलेल्या ओळी आज पणतवंडांना गाव दाखवतात.

आता पलीकडचा किनारा. आयर्लंडमध्ये काय शिल्लक आहे?

तुम्ही कधी आयरिश वंशावळीचा विषय काढलात तर कोणीतरी सुस्कारा सोडून म्हणेलच की सगळं १९२२ मध्ये जळालं. ३० जून १९२२. यादवी युद्धाचे पहिले दिवस. डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीला वेढा पडलेला, आणि तिथल्या सार्वजनिक अभिलेखागारात स्फोट होऊन आग लागली. शतकानुशतकांचे कागद गेले. १८२१, १८३१, १८४१, १८५१ या जनगणनांचे तुकडेच उरले. चर्च ऑफ आयर्लंडच्या, म्हणजे प्रोटेस्टंट पॅरिशच्या, निम्म्याहून जास्त वह्या गेल्या.

पण 'सगळं' जळालं हे खरं नाही. आणि सगळा दोष आगीचाही नाही. १८६१ आणि १८७१ च्या जनगणनेचे मूळ कागद सरकारनेच नष्ट केले होते. १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यात गेले. म्हणजे चार जनगणना कारकुनी शिस्तीत संपल्या, एक गोळी न झाडता. मला त्या आगीपेक्षा याचाच जास्त राग येतो. उरल्या १९०१ आणि १९११, त्या पूर्ण आहेत आणि राष्ट्रीय अभिलेखागाराच्या साइटवर फुकट आहेत.

याच दोन जनगणनांमध्ये एक गंमत दिसते. १९०१ मध्ये पंचावन्न वर्षांची असलेली बाई १९११ मध्ये बहात्तरची! दहा वर्षांत सतरा वर्षं कशी वाढली? तर जानेवारी १९०९ पासून सत्तरीच्या पुढच्यांना पेन्शन मिळू लागलं, आठवड्याला पाच शिलिंगपर्यंत. गरिबाला ही रक्कम फार मोठी. पण आयर्लंडमध्ये सगळ्यांच्या जन्माची सरकारी नोंद सुरू झाली १८६४ मध्ये. म्हणजे सत्तरीच्या एकाही माणसाकडे दाखला नाही! मग पुरावा काय द्यायचा? ६ जानेवारी १८३९ च्या रात्री आयर्लंडवर प्रचंड वादळ आलं होतं, 'मोठ्या वाऱ्याची रात्र' म्हणून लोकांच्या तोंडी बसलेलं. म्हाताऱ्यांना ते वादळ आठवतं का, असं विचारलं जायचं. आता पाच शिलिंग मिळणार असतील तर कोणाला आठवणार नाही?

ज्यांना कागदी पुरावा हवा होता त्यांनी डब्लिनला अर्ज केले: १८४१ किंवा १८५१ च्या जनगणनेत आमचं घर शोधा, मी तेव्हा किती वर्षांचा होतो ते बघा. कारकुनांनी शोधलं आणि उत्तर अर्जावर लिहिलं: आईबापाची नावं, टाउनलँड, वय. पुढे मूळ जनगणना जळाली. हे अर्ज मात्र राहिले. म्हणजे एखाद्या म्हाताऱ्याने पेन्शनसाठी केलेल्या अर्जामुळे त्याच्या अमेरिकेला गेलेल्या भावाचं घर आज सापडू शकतं. जून २०२२ मध्ये, आगीला शंभर वर्षं झाली तेव्हा, अशा उरल्यासुरल्या नकला गोळा करून आयर्लंडने जळालेल्या अभिलेखागाराची एक डिजिटल प्रतिमाच उभी केली.

कॅथलिक चर्चच्या वह्या तर त्या इमारतीत नव्हत्याच, त्या पॅरिशमध्ये होत्या. राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये त्यांच्या तीन लाख सत्तर हजारांच्या आसपास प्रतिमा ऑनलाइन टाकल्या. फुकट. मी त्यातली एक उघडून बसले होते. शाई फुटलेली, लॅटिन, पान फाटलेलं, मोबाईलवर बोटांनी मोठं करून करून डोळे दुखतात. पण एका ओळीत बाळ, आई तिच्या माहेरच्या आडनावासकट, बाप, दोन गॉडपेरेंट्स. माहेरचं आडनाव लिहितात हे फार मोठं. त्याच्यावरूनच बारा पॅट्रिक मर्फींमधला आपला कुठला ते ठरवता येतं.

त्यात नावं ठेवायची एक पद्धत होती. पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या. पहिली मुलगी आईच्या आईच्या नावाची, दुसरी वडिलांच्या आईच्या. आजोबांचं नाव नातवाला, हे आपल्याला समजावून सांगायला नको. नियम कडक नव्हता, पण अमेरिकेत जन्मलेल्या मुलांची नावं ओळीने लिहिली की आयर्लंडमधल्या आजी-आजोबांचा अंदाज येतो. अंदाज म्हणतेय, पुरावा नाही.

१८६४ नंतरचे जन्म असतील तर आयरिशजीनिऑलॉजी डॉट आयई या सरकारी साइटवर शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदींचे फोटो मिळतात. तिथेही गंमत आहे. नोंद उशिरा केली तर दंड व्हायचा, म्हणून बाप जन्मतारीखच पुढे ढकलून सांगायचा. त्यामुळे काही बाळांचा बाप्तिस्मा जन्माच्या आधी झालेला दिसतो!

आणि दुष्काळाच्या काळासाठी ग्रिफिथचं मूल्यांकन. १८४७ ते १८६४ या काळात करआकारणीसाठी देशभरातल्या जमिनी आणि घरं मोजली. साधारण सातबाऱ्यासारखं: कसणारा कोण, मालक कोण, क्षेत्र किती. नकाशावर आकडे आहेत, त्यामुळे झोपडी कुठल्या तुकड्यावर होती तेही दिसतं. नंतर वहिवाट बदलली की कारकून जुनं नाव खोडून वेगळ्या रंगाच्या शाईने नवं लिहायचे. एखाद्या वर्षी नाव खोडलेलं दिसलं की समजायचं, बाप गेला, किंवा घर रिकामं झालं.

आपल्याकडचाही एक धागा यात आहे, चटकन सांगते. सगळे आयरिश अमेरिकेला नाही गेले. कितीतरी जण ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि नंतर राणीच्या फौजेत भरती होऊन मुंबईला आले. मुंबईच्या गोऱ्या पलटणीचं, बॉम्बे फ्युझिलियर्सचं, १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युझिलियर्समध्ये रूपांतर झालं. फौजेच्या कागदांत शिपायाचं जन्मपॅरिश लिहिलेलं असायचं, आणि मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नकला लंडनला जायच्या; त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यामुळे कॉर्क किंवा टिपरेरीच्या एखाद्या घराण्याचा हरवलेला मुलगा पुण्याच्या छावणीतल्या नोंदीत निघू शकतो.

हे सगळं जुळून आलं की काय होतं, त्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे बराक ओबामा. आईकडून त्यांच्या खापरपणजीचे वडील होते फालमथ कार्नी. चांभाराचा मुलगा, १८५० मध्ये एकोणीस वर्षांचा असताना न्यूयॉर्कला उतरला आणि पुढे ओहायोत नातेवाइकांकडे गेला. परत तेच, आधी गेलेले नातेवाईक! अमेरिकेतल्या नोंदींवरून संशोधक, म्हणजे पुन्हा त्याच स्मोलेन्याकबाई, ऑफली काउंटीतल्या मनीगॉलपर्यंत पोचल्या. २००७ मध्ये तिथले रेक्टर स्टीफन नील यांनी जुन्या वह्या काढल्या आणि कार्नी कुटुंब त्यात सापडलं. गंमत बघा, हे कुटुंब प्रोटेस्टंट, म्हणजे ज्यांच्या निम्म्याहून जास्त वह्या जळाल्या त्या चर्चमधलं. या पॅरिशच्या वह्या गावाकडेच राहिल्या होत्या म्हणून वाचल्या. २३ मे २०११ ला ओबामा त्या तीनएकशे वस्तीच्या गावात गेले. अख्खं गाव रस्त्यावर.

डीएनए चाचणीचं विचाराल, म्हणून सांगते. ती उपयोगी पडते, पण ती गाव सांगत नाही. ती सांगते की अमुक माणूस तुमचा लांबचा चुलतभाऊ आहे. तो चुलतभाऊ जर आजही त्याच टाउनलँडमध्ये राहत असेल तर तुमचं नशीब. नाहीतर पुन्हा कागद.

एवढं ऐकून कोणाला हात लावून बघावासा वाटला तर आज रात्री एकच करा. फोनवर १९०१ ची आयरिश जनगणना उघडा, काउंटी कॉर्क निवडा, आडनाव मूर, नाव ॲनी टाका आणि किती जणी येतात ते बघा. त्यातली आपली कुठली हे ठरवायचा प्रयत्न करायच्या आधी आठवा, आपली ॲनी तेव्हा मॅनहॅटनमध्ये होती.

चला, भेटू पुढच्या भागात.